कासव आणि इग्वाना उन्हात सोडायचे आहेत. मुंगूस, मांजरं, घारी यांच्यापासून बंदोबस्त कसा करावा?

रानजाई
पुण्यात बैठं घर आहे. मागे साधारण १५ × १० फुटांचं मातीचं अंगण. तीन बाजूंना ५ फुटी भिंत, चौथ्या बाजूला तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे मोकळा प्लॉट, झुडपं माजलेली. वर उघडी गच्ची.

प्राणी दोन: आफ्रिकन सल्काटा कासव, पाठ ७ इंच, वजन सव्वा किलोच्या आसपास; आणि हिरवा इग्वाना, शेपटीसकट ३ फूट. दोघांचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे. आतापर्यंत दोघंही घरात यूव्हीबी ट्यूबखाली (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा) राहिले. आता रोज थोडं खरं ऊन द्यायचं आहे.

अंगणात दिसणारी मंडळी अशी: कुंपणाखालून मुंगसाची जोडी, भिंतीवरून तीन-चार मांजरं, कावळे भरपूर, शेजारच्या नारळावर घारीचं घरटं, रात्री घुशी. शेजाऱ्यांचा लॅब्रडॉर फाटक उघडं दिसलं की आत येतो.

विचारायचं ते असं:
१) जाळी कोणती आणि किती भोकाची?
२) जमिनीखाली किती न्यावी?
३) इग्वानाला पट्टा बांधून फिरवलं तर चालेल का?
४) मी स्वतः शेजारी बसणार असेन तरीही वरून झाकण लागेल का?
५) गच्ची बरी की अंगण?

शहाबादी
चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच ठरतात. झाकण लागतंच. घार वरून येते आणि उचलून जाते, त्यात दोन-तीन सेकंद जातात. मांजर भिंतीवर बसून वाट बघतं आणि तुम्ही पाणी आणायला आत वळलात की उतरतं. शेजारी बसणं हवंच, पण ते झाकणाशिवाय नव्हे, झाकण असताना. सव्वा किलोचं कासव घारीला जड आहे, तरी ती झडप घालून नख मारते. कावळ्याला तर उचलायचंच नसतं. तो डोळा, मानेची कातडी आणि मागचे पाय टोचतो. ४ इंचांपेक्षा लहान पिल्लांची पाठ पुरती कडक झालेली नसते, ती कावळा सरळ फोडतो.

आता बांधकाम. तुमच्या कासवाला सध्या ८ × ४ फूट जागा चालेल. सल्काटा झपाट्याने वाढतं आणि पूर्ण वाढीला ४० किलोच्या पुढे जातं, त्यामुळे हा पिंजरा दोन-तीन वर्षांचाच धरा. नंतर विटांचं कंपाउंड लागेल.

खालची भिंत आरपार दिसणारी नको. सल्काटाला पलीकडचं दिसलं की ते तिथून बाहेर पडायचा दिवसभर प्रयत्न करतं, जाळीवर नाक आणि पुढचे पाय घासून जखमा करून घेतं. शिवाय बाहेरून कुत्र्याला आत हलणारं काही दिसलं की तोही पिंजऱ्याला चिकटून राहतो. २ × २ फुटी शहाबादी फरशी उभी लावा: ८ इंच जमिनीत, १६ इंच वर. २४ फुटांच्या परिघाला १२ फरश्या लागतात. सांधे सिमेंटने भरा. नुसती मातीत रोवलेली फरशी कासव ढकलून तिरकी करतं आणि त्या फटीतून मुंगूस आत येतं.

फरशीवर बिजागरी बसत नाही. म्हणून बाहेरून १ इंची चौकोनी एमएस (साध्या लोखंडी) पाइपाची चौकट करा, ६ पाय, प्रत्येक पाय फूटभर काँक्रीटमध्ये. झाकण या चौकटीला जोडायचं. चौकट आणि फरशी यांत अर्ध्या इंचाहून जास्त फट राहू देऊ नका.

जाळी: वेल्ड मेश (जोड वेल्ड केलेली तारेची जाळी), अर्धा इंच भोक, १६ गेज, म्हणजे तार १.६ मिमी. झाकण ४ × ४ फुटांचं एक अशी दोन करा. एकच ८ फुटी केलंत तर उचलता येत नाही आणि मध्ये झोल पडतो. प्रत्येकाला मधोमध एक आडवा पाइप द्या. अशा एका झाकणाचं वजन ८ ते १० किलो भरतं, त्यामुळे उघडल्यावर अडकवायला साखळी आणि हूक हवाच. वाऱ्याने झाकण खाली आलं तर आपल्या बोटांचं आणि कासवाच्या डोक्याचं काय होईल हे सांगायला नको.

जाळी चौकटीला बाइंडिंग वायरने बांधू नका. ती तार दोन पावसाळ्यांत गंजून तुटते आणि तुटलेली बाहेरून दिसत नाही. दर ६ इंचांवर मोठा वॉशर घालून सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारा. कडी म्हणाल तर प्रत्येक झाकणाला दोन, दोन टोकांना. एकच मधली कडी असेल तर कोपरा उचलला जातो आणि मांजराला पंजा घालायला तेवढी फट पुरते.

जमिनीखालचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. २ फूट रुंदीची जाळीची पट्टी घ्या. ६ इंच फरशीच्या बाहेरच्या अंगाला उभी टेकवून पक्की करा, उरलेली दीड फूट बाहेरच्या बाजूला आडवी पसरा आणि त्यावर २-३ इंच माती टाका. खूप खोल खणून जाळी उभी पुरण्यापेक्षा हे बरं. कुत्रा असो वा मुंगूस, खणायला सुरुवात भिंतीला लागूनच करतो. नखाला जाळी लागली की जरा डावीकडे, जरा उजवीकडे बघतो, पण दीड फूट मागे सरकून तिथून बोगदा काढायचं त्याला सुचत नाही. कोपऱ्यांवर दोन पट्ट्यांमध्ये चौकोनी जागा उघडी राहते, तिथे २१ × २१ इंचाचा वेगळा तुकडा टाका आणि दोन्ही पट्ट्यांवर ३ इंच चढवा. मुंगूस पहिला प्रयत्न कोपऱ्यातच करतं.

आतल्या बाजूला मात्र जाळी अंथरू नका. कासव खणतं तेव्हा नखं जाळीत अडकतात आणि उपटली जातात. त्याऐवजी भिंतीलगत आतून फूटभर रुंदीची आडवी फरशी टाका. सल्काटा भिंतीच्या कडेनेच खणतं, मधल्या जागेत फारसं नाही.

घूस ही वेगळी गोष्ट आहे. ती लांबून बीळ काढून खालून वर येऊ शकते. म्हणून रोज कासव सोडण्याआधी आतून एक फेरी मारा. ताजी भुसभुशीत मातीची ढिगी दिसली तर त्या दिवशी सोडू नका. बीळ शोधा, दगड-काँक्रीटने बुजवा. आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी कासव घरात. हा पिंजरा दिवसाचा आहे, रात्रीचा नाही. रात्री घुशी कासवाचे पाय आणि शेपूट कुरतडतात, आणि कासव अंग आत ओढून घेतं, पळत नाही, त्यामुळे सकाळपर्यंत कुणाला कळतही नाही.

पानगळ
इग्वानाबद्दल लिहिते.

पट्टा हा संरक्षण नाही. इग्वाना निसटून झाडावर जाऊ नये, एवढ्याचसाठी पट्टा असतो. कुत्रा धावून आला तर मोकळा इग्वाना निदान झाडावर तरी चढेल, पट्ट्यातला दोरीच्या टोकाशी गरगर फिरेल, अंगाला पीळ घालेल आणि पुढच्या पायांच्या खाकेत पट्टा रुतेल. घारीला तर पट्टा दिसतही नाही. पिंजऱ्यातून घरात नेता-आणताना पट्टा वापरा. उन्हात बसवण्यासाठी पिंजराच हवा.

३ फुटी इग्वानासाठी ४ फूट लांब, अडीच फूट रुंद, ५ फूट उंच पुरे. जाळी अर्धा इंचीच, पण पीव्हीसी चढवलेली घ्या. इग्वाना नाक घासत फिरतो. उघड्या गॅल्व्हनाइझ जाळीवर आठवड्याभरात नाकाची खवलं निघतात आणि मग ती जखम भरायला महिने लागतात. खाली १८ इंचांचं स्टँड, चाकांना लॉक, स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. लाल मुंग्यांची रांग एकदा वर चढली की आत बंद असलेल्या प्राण्याला कुठे जायला जागा नसते. मुंग्यांचा खडू किंवा स्प्रे पिंजऱ्याच्या आसपास अजिबात नको, तेच कीटकनाशक जिभेवाटे त्याच्या पोटात जातं.

आता एक गोष्ट नीट बघा. कावळा जाळीच्या छतावर बसतो. इग्वाना फांदीवर पसरलेला असतो, पायाची लांब बोटं फांदीच्या कडेवरून लोंबत असतात. कावळा मान तिरकी करतो, दोन पावलं सरकतो, चोच जाळीतून घालतो आणि बोट धरून मागे ओढतो. एकाच झटक्यात नख जातं, कधी पेरासकट. शेपटीचं टोक जाळीला लागलेलं असेल तर तेही असंच. अर्ध्या इंचाच्या जाळीतूनही चोचीचं टोक आत येतं, म्हणून फक्त भोकाच्या मापावर विसंबू नका. फांद्या जाळीपासून सगळ्या बाजूंनी निदान ४ इंच आत लावा आणि छताला जाळीचे दोन थर द्या, मध्ये ३ इंचांची पोकळी सोडून. मांजर छतावर चढलं तरी त्याचा पंजा मग आतल्या थरापर्यंत पोचत नाही. इग्वाना बाजूच्या जाळीला लटकायचा प्रयत्न करणारच. त्या बाजूंना आतून गुळगुळीत पॉलीकार्बोनेटची दोन फुटी पट्टी लावली की तिथे पकड मिळत नाही.

छताचा निम्मा भाग अपारदर्शक करा. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट गोल खवला दिसतो, तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण वरून सावली सरकली की कळते. म्हणजे तुमच्या नारळावरची घार प्रत्यक्ष खाली आली नाही, नुसती घिरट्या घालत राहिली, तरी हा प्राणी आत धास्तावलेला राहील. रंग काळपट पडणं, डोळे मिटून घेणं, खाणं सोडणं, पिंजऱ्यात एकसारखं धडका मारणं ही त्याची लक्षणं. वरून झाकलेला कोपरा आणि पानांची गर्दी मिळाली की तो शांत होतो. जास्वंदाच्या कुंड्या आत ठेवा, आडोसाही होतो आणि पानं-फुलं खाताही येतात.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर: इग्वानासाठी अंगण, भिंतीच्या कोपऱ्यात, दोन बाजू भिंतीला लागून. गच्चीवर सावली नाही, स्लॅब तापतो आणि घार-कावळ्यांना चारही बाजू मोकळ्या.

शेपटी धरून कधीही ओढू नका, संकटात तर नाहीच. घाबरलेला इग्वाना शेपटी तोडून टाकतो. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, आणि शेपटी आपल्या कोपराखाली दाबलेली, तर तो आणि तुम्ही दोघंही सुरक्षित.

रानजाई
दोघांचेही मनापासून आभार. तीन गोष्टी राहिल्या. घरात कोंबडीच्या जाळीचं, षट्कोनी भोकाचं, आख्खं बंडल पडून आहे. ती दुहेरी करून वापरली तर? फॅब्रिकेटर म्हणतो की १ इंची वेल्ड मेशही पुरेल आणि स्वस्त पडेल. आणि कावळ्यांसाठी जुन्या सीडी टांगल्या तर उपयोग होतो का?

शहाबादी
कोंबडीची जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी आहे, बाहेरच्याला थोपवण्यासाठी नाही. ती तार बारीक, नुसती पिळलेली असते. लॅब्रडॉरने दोनदा पंजा मारला की भोक मोठं होतं. घूस ती दाताने तोडते. दुहेरी केल्याने भोकं लहान दिसतात, ताकद फारशी वाढत नाही. ते बंडल अंगणातल्या वेलींना वापरा.

१ इंची जाळीतून मोठं मुंगूस येणार नाही, हे खरं. पण उंदीर आणि घुशीची पिल्लं येतात, बारीक साप येतात, मांजराचा पंजा येतो आणि कावळ्याची आख्खी चोच येते. दोन्ही जाळ्यांच्या किमतीतला फरक एकदाच द्यायचा आहे. घासाघीस करायचीच असेल तर पाइपाच्या जाडीवर करा, जाळीच्या भोकावर नको.

प्लॅस्टिकची मासेमारीची जाळी वरून टाकावी असं काही जण सुचवतील. टाकू नका. मांजर ती कापतं, इग्वानाची नखं अडकतात आणि धामण किंवा नाग त्यात गुंतून मरतो.

सीडी, बुजगावणी, प्लॅस्टिकचं घुबड यांना कावळा चार दिवस बिचकतो, पाचव्या दिवशी त्यावरच बसतो. कावळे कमी करायचे असतील तर अंगणात अन्न राहू देऊ नका. कासवाचा उरलेला पाला, मांजरांसाठी ठेवलेला दूधभात, उघडा ओला कचरा, हे सगळं बंद. कासवाला खायला घालायचं ते घरात आणि नंतर उन्हात सोडायचं, हा क्रम ठेवला तर पिंजऱ्याशी कावळ्यांना कामच उरत नाही.

रेवदंडा_वारा
किनाऱ्यालगत किंवा गोव्यात हे बांधणाऱ्यांसाठी थोडं. खाऱ्या हवेत साधी जीआय (जस्ताचा थर दिलेली) वेल्ड मेश जोडांवर आधी गंजते, कारण तार आधी गॅल्व्हनाइझ करतात आणि वेल्ड नंतर होतं, त्या ठिकाणचा जस्ताचा थर जळतो. वेल्ड करून मग हॉट-डिप केलेली (वितळलेल्या जस्तात बुडवलेली) जाळी मागा, किंवा सरळ स्टेनलेस स्टील ३१६. पावसाळा संपला की जमिनीलगतच्या ६ इंचांत प्रत्येक जोडाला स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघायचं. तार तुटली किंवा भुगा निघाला तर तो भाग बदला. वरून रंग मारून चालवू नका.

वानरांचा वावर असेल तर साध्या कडीवर भिस्त नको, कुलूप किंवा स्क्रूची कॅराबिनर (फिरवून बंद होणारी कडी). वानर कासवाला खाणार नाही, पण आतल्या पाल्यासाठी झाकण उचकटेल आणि उघडं टाकून जाईल. मग मांजराला रान मोकळं.

पानगळ
कोण कधी येतं हे डोक्यात ठेवून वेळ ठरवा, असंही सांगेन. मुंगूस दिवसाचा प्राणी आहे, नेमकं उन्हाच्या वेळी फिरतं. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त, पण दुपारीही भरवसा नाही. घारींचा विणीचा हंगाम हिवाळ्याच्या मध्यापासून उन्हाळ्यापर्यंत, घरकावळ्यांचा त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. या काळात दोघंही घरट्याजवळ जास्त आक्रमक. नारळावर पिल्लं असतील तेवढे महिने इग्वानाचा पिंजरा झाडापासून लांबच्या कोपऱ्यात सरकवा. घरटं पाडायचा विचार मनातही आणू नका, घार आणि मुंगूस दोन्ही वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. उंदरांच्या विषाच्या वड्या आणि चिकट सापळेही नकोत. विष खाल्लेला उंदीर घारीच्या किंवा घुबडाच्या पोटात जातो, आणि चिकट पट्ट्यांवर पाली-सरडे मरतात.

शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं उत्तर फाटकाच्या आपोआप मिटणाऱ्या स्प्रिंगमध्ये आहे. पाळीव कासवांना होणाऱ्या गंभीर जखमांत कुत्र्याचा चावा फार वरचा आहे, आणि तो बहुतेक वेळा ओळखीचा, एरवी गरीब असलेला कुत्रा असतो. त्याला कासव हे चघळायचं हाड वाटतं.

कवचकुंडल
पिंजरा कसा बांधायचा हे वर चांगलं आलंय. माझा भर दोन गोष्टींवर: ऊन आणि जखम. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करतो, त्या अनुभवाच्या बळावर लिहितोय.

शिकाऱ्यापासून वाचवायला बांधलेल्या पिंजऱ्यात प्राणी उष्माघाताने मरतात, कारण बंद पिंजऱ्यातून सावलीकडे जाता येत नाही. काचेची टाकी किंवा प्लॅस्टिकचा क्रेट उन्हात ठेवणं पूर्ण वर्ज्य. काचेतून यूव्हीबी येतही नाही आणि आतली हवा काही मिनिटांत जीवघेणी तापते. तुमच्या पिंजऱ्यात एक तृतीयांश ते निम्मी जागा कायम सावलीत हवी, आणि ती सूर्य सरकला तरी सावलीतच राहायला हवी. सकाळी ९ वाजता सावली असलेला कोपरा ११ वाजता उन्हात येतो. एक दिवस दर तासाला जाऊन बघा आणि मगच झाकणाचा कोणता भाग झाकायचा ते ठरवा.

इन्फ्रारेड थर्मामीटर गन विकत घ्या. उन्हाच्या जागी पृष्ठभाग ३५ ते ३८ अंश, सावलीत ३२ च्या आत. सावलीतला आकडा ३५ कडे सरकला की दोघांनाही आत आणायचं. शहाबादी फरशी दुपारी तापते आणि नंतरही उष्णता सोडत राहते, तेव्हा भिंतीलगतचा आकडाही बघा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात सकाळी साडेसात ते साडेनऊ, थंडीत दहा ते एक. इग्वानाला अर्धा ते एक तास, आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. इग्वाना तोंड उघडं ठेवून सगळ्यात खालच्या कोपऱ्यात पसरला, किंवा कासवाच्या तोंडाला फेस आला, तर ताबडतोब सावलीत आणा आणि कोमट पाणी अंगावर घाला. बर्फाचं किंवा फ्रिजचं पाणी नको.

जाळी यूव्हीबी काही प्रमाणात अडवते. अर्धा इंची जाळीने फार बिघडत नाही. पण डासांची जाळी किंवा ७५ टक्क्यांची ग्रीन नेट पूर्ण छतावर टाकली तर उन्हात ठेवण्याचा हेतूच गेला. ग्रीन नेट सावलीच्या भागावरच टाका.

पाण्याचं ताट दीड इंचाहून खोल नको, कुंडीखालची मोठी थाळी चालते. कासव पाण्यात उलटलं तर बुडतं.

आता जखम. घरात आधीच आणून ठेवा: ५०० मिली नॉर्मल सलाइनची बाटली, २० मिली सिरिंज, पोव्हिडोन आयोडीन, निर्जंतुक गॉज, स्वच्छ पांढरा टॉवेल, झाकणाला भोकं असलेला डबा.

जखम सलाइनच्या धारेने धुवा. मग १० भाग पाण्यात १ भाग पोव्हिडोन, फिकट चहाच्या रंगाचं द्रावण, ते लावा आणि गॉजने झाका. झाकायचं कारण माश्या. उन्हाळ्या-पावसाळ्यात काही तासांत त्या अंडी घालतात आणि दुसऱ्या दिवशी अळ्या असतात. प्राण्याला पांढऱ्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे रक्त किती जातंय ते दिसतं. डबा २८ अंशांच्या आसपास, अंधारात. त्याच दिवशी डॉक्टर.

मांजराचा दात लागला असेल, आणि भोक सुईएवढं दिसत असेल, तरीही त्याच दिवशी. मांजराच्या तोंडातले जंतू खोल जातात आणि वरची कातडी मिटते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ होऊन वाहत नाही, पनीरसारखा घट्ट गोळा होऊन बसतो. तो नंतर कापूनच काढावा लागतो.

काय करू नये, हे जास्त महत्त्वाचं. पाठ फुटली असेल तर एम-सील, फेव्हिक्विक, फायबर असलं काहीही लावू नका. पाठ म्हणजे जिवंत हाड आहे, खालून रक्तपुरवठा असलेलं. वरून सील केलं की जंतू आत कोंडले जातात. अशा कासवाला पाण्यातही ठेवू नका. हळद भरू नका, ती मळासारखी चिकटते आणि मग जखम किती खोल आहे ते दिसत नाही. गुरा-कुत्र्यांच्या जखमेवर मारायची किडे मारणारी पावडर किंवा स्प्रे नको. आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा: कासवाला आयव्हरमेक्टिन (परजीवी मारायचं औषध) द्यायचं नाही. कुत्र्यांना सर्रास देतात, पण कासवांत त्याने अर्धांगवायू होऊन मृत्यू येतो. रात्री-बेरात्री जवळच्या साध्या दवाखान्यात जावं लागलं तर हे आधी स्वतःहून सांगा.

इग्वानाची शेपटी तुटली तर रक्त बहुतेक वेळा थोडंच जातं आणि थांबतं. गॉजने पाच मिनिटं हलकं दाबा, दोरा बांधू नका, घट्ट पट्टी नको. पुढचे दोन-तीन आठवडे माती किंवा कोकोपीटऐवजी कोरा कागद अंथरा, रोज बदला. शेपटी पूर्ण न तुटता लोंबत असेल, हाड दिसत असेल, तर डॉक्टर.

भांडण सोडवताना तुम्हाला कुत्र्या-मांजराचा ओरखडा लागला तर १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी जा. कासव आणि इग्वाना रेबीज पसरवत नाहीत, पण त्यांच्यावर हल्ला करणारा पसरवू शकतो.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर खरोखर उपचार करणारे डॉक्टर शहरात मोजकेच असतात. फोन करून वेळा, रविवारची सोय आणि एक्स-रे आहे का, हे आजच विचारून ठेवा.

रानजाई
सगळं लिहून घेतलं. शेवटची शंका: दोघांना एकाच पिंजऱ्यात, कासव खाली आणि इग्वाना वर, असं ठेवलं तर जागा वाचेल का?

कवचकुंडल
नको. दोघांच्या आतड्यांतले जंतू आणि परजीवी वेगळे, एकाच्या विष्ठेवरून दुसरा चालतो, आणि घाबरलेला इग्वाना खाली उडी मारतो तो नेमका कासवावर. एकाच वेळी ऊन द्यायचं असेल तर दोन पिंजऱ्यांत किमान ३ फूट अंतर ठेवा. मधून तुम्हाला चालता आलं पाहिजे, आणि मांजराला एकावरून दुसऱ्यावर उडी मारायला पायरी मिळता कामा नये. एकाला हाताळून दुसऱ्याकडे जाताना हात साबणाने धुवा, सालमोनेलासाठी (सरपटणाऱ्या प्राण्यांकडून माणसाला होणारा जंतुसंसर्ग) तो नियम एरवीही आहेच.

शहाबादी
कासवाच्या पिंजऱ्याचं एक झाकण उघडता येईल अशी जागा भिंतीच्या बाजूला सोडा, नाहीतर बिजागरी भिंतीला लागते आणि झाकण ७०-८० अंशांवरच थांबून पुन्हा खाली येतं. भिंतीपासून १० इंच पुरतात. फॅब्रिकेटर माप घ्यायला येईल तेव्हा हे आधी सांगा. चौकट काँक्रीटमध्ये बसल्यावर ती सरकत नाही.